रिव्हॉल्व्हर कंबरेला की काखेत?

परवान्याचे रिव्हॉल्व्हर चारचौघांत मिरवायची सोय नाही. शस्त्र नियम, 2016 प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी ते होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असावे लागते. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदाराला परवान्यासाठी अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. शस्त्र अंगावर नेमके कुठे ठेवायचे, हे मात्र त्याचे त्यानेच ठरवायचे.

त्यातल्या त्यात निर्धोक जागा म्हणजे वापरत्या हाताकडची कंबर. नळी जमिनीकडे राहते, हात सरळ मुठीवर जातो. त्यासाठी शर्ट बाहेर सोडलेला हवा आणि पट्टा जाड हवा. ‘निर्भीक’सारखे हलके रिव्हॉल्व्हरही अर्धा किलोच्या आसपास भरते. पोटापुढे खोचलेले शस्त्र चटकन हाती येते, पण खाली बसले की नळी जांघेवर रोखली जाते. तिथली मोठी धमनी फुटली तर माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. पाठीच्या मधोमध ठेवणे सर्वांत वाईट: मोटारसायकलवरून उताणे पडल्यास थेट मणक्याखाली लोखंड येते.

काखेतले होल्स्टर गाडीत तासन्‌तास बसणाऱ्याला सोयीचे. मात्र आडव्या प्रकारात नळी मागे उभ्या असलेल्यावर रोखलेली राहते, शिवाय वर जाकीट लागते. रोह्याच्या घामट हवेत ते घालणार कोण? घोट्याजवळचे वाकल्याशिवाय निघत नाही. खिशात ठेवायचे तर खिशाचे वेगळे होल्स्टर हवे आणि सोबत दुसरे काहीही नको. ट्रिगरमध्ये किल्ली अडकली तरी पुरते.

जागेइतकेच महत्त्व होल्स्टरला आहे. ते ट्रिगर पूर्ण झाकणारे आणि शस्त्र काढल्यावर तोंड न मिटणारे असावे. खरा धोका असतो शस्त्र काढता-ठेवताना. अभिनेते गोविंदा 1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे जुहूच्या घरी रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवत असताना शस्त्र खाली पडले आणि गोळी त्यांच्या पायात शिरली, असे तेव्हा सांगण्यात आले. अनेक जुन्या रिव्हॉल्व्हरांत घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये अडसर नसतो. घोड्यावर आपटले की गोळी सुटू शकते. अशा शस्त्रात घोड्याखालचे काडतुसाचे घर रिकामेच ठेवतात.

कोकणात आणखी एक पथ्य. चामडे घाम आणि पावसाची ओल धरून ठेवते, त्यामुळे लोखंड गंजते. घरी आल्यावर शस्त्र होल्स्टरमधून काढून, रिकामे करून, तेलाचा हात फिरवून कुलपात ठेवावे, काडतुसे वेगळी.