वेतोबाच्या वहाणा आणि किकीचा झाडू

किकी तेरा वर्षांची होते, झाडूवर बसते आणि घर सोडते. चेटकिणींच्या घराण्यातली रीतच तशी. त्या वयात परक्या गावी जाऊन वर्षभर स्वतःच्या पायांवर उभं राहून दाखवायचं. समुद्रकाठच्या एका शहरात ती उतरते, बेकरीवालीकडे खोली मिळवते आणि लोकांच्या वस्तू पोचवण्याचा धंदा सुरू करते. कुठे युद्ध नाही की जग वाचवायची जबाबदारी नाही. पार्सल वेळेवर पोचेल ना आणि या गावात कुणी आपलं म्हणेल ना, एवढीच काय ती धाकधूक. एइको कादोनो यांची ही जपानी कादंबरी १९८५ची. हायाओ मियाझाकींनी १९८९मध्ये तिच्यावर चित्रपट काढला आणि २०१८मध्ये कादोनोंना बालसाहित्यातला मानाचा हान्स अँडरसन पुरस्कार मिळाला.

अशा गोष्टींना आता 'कोझी फँटसी' म्हणतात. ट्रॅव्हिस बाल्ड्रीच्या 'लेजंड्स अँड लाटेज'मध्ये (२०२२) लढायांना विटलेली एक धिप्पाड ऑर्क, म्हणजे राक्षसी जमातीतली योद्धी, तलवार भिंतीला टांगते आणि कॉफीचं दुकान काढते. टी. जे. क्लूनच्या २०२०च्या कादंबरीत एक सरकारी तपासनीस बेटावरच्या जादुई अनाथ मुलांची चौकशी करायला जातो आणि त्यांच्यातच रमतो. दोन्ही पुस्तकं मोठ्यांसाठी लिहिलेली, पण त्यांची गोडी किकीच्याच जातीची आहे. जादू इथे सुतारकाम किंवा स्वयंपाकासारखी कसबाची गोष्ट असते, आणि कथानक पुढे सरकतं ते मैत्रीच्या जोरावर.

कोकण किनाऱ्यावरच्या श्रीवर्धनच्या मुलांना किकीची अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. दहावी-बारावी झाली की मुंबई-पुण्याची एसटी धरायची, नातेवाइकांकडे नाहीतर वसतिगृहात राहायचं, हा कोकणातला जुनाच शिरस्ता. या गावातून घाटावर गेलेला सर्वांत नावाजलेला माणूस म्हणजे बाळाजी विश्वनाथ भट. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचापायी त्यांनी घर सोडलं आणि १७१३मध्ये ते पेशवे झाले. प्रत्येकाच्या नशिबी पेशवाई नसते. बहुतेकांना खानावळ शोधावी लागते. कोझी फँटसीला रस असतो तो या खानावळीत.

मराठीत जादूला तोटा नाही आणि दोस्तीलाही नाही. दोघी एका घरात नांदल्या मात्र क्वचितच. १९५९मध्ये सुधा करमरकरांनी रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' हे बालनाट्य रंगमंचावर आणलं, आणि चेटकीण पाहायला मुलं नाट्यगृहात येऊ लागली. मतकरींच्याच 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी अजरामर केली. अलीकडे वैभव मांगले त्याच भूमिकेत आले, तेव्हाही पोरांनी नाट्यगृहं डोक्यावर घेतली. चिंचीला घाबरावं, हसावं, पण तिच्याशी गट्टी करावी असं नाटक सुचवत नाही. उलट भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे मित्रांसाठी जिवावर उदार होतो. त्याच्या जगात भुताला जागा नाही. तिथली प्रत्येक अद्भुत गोष्ट शेवटी एखाद्या बदमाशाची करामत निघते. भागवतांचा हा विवेकी बाणा वंदनीय आहे, पण त्यामुळे जादू चोरवाटेनेसुद्धा आत शिरली नाही.

योगायोग असा की २०१७चा 'फास्टर फेणे' आणि २०२४चा 'मुंज्या' हे दोन्ही चित्रपट आदित्य सरपोतदारांचेच. 'मुंज्या'ने कोकणचं भूत हिंदीत नेलं आणि शंभर कोटींच्या पुढे मजल मारली. हसवत घाबरवणाऱ्या या चित्रपटात नायकाच्या पाठीशी आजी आहे, मैत्रीण आहे, एक वल्ली मित्रही आहे. एकटा आहे तो मुंज्या. आणि लोकसमजुतीतला मुंज्या म्हणजे तरी कोण? मुंज झालेला, सोडमुंजीआधी गेलेला, पिंपळावर राहणारा मुलगा. म्हणजे आपल्या भुतावळीतला हा खराखुरा कुमारवयीन! त्याला बाटलीत बंद करण्याऐवजी कुणी चहाला बोलावलं असतं, तर मराठी कोझी फँटसीचा श्रीगणेशा तिथेच झाला असता.

सामग्री तर कधीचीच जमलेली आहे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी कोकणातल्या शाळामास्तरांना प्रश्नावल्या धाडून भुताखेतांच्या, देवदेवस्कीच्या समजुती गोळा केल्या होत्या. १९०९मध्ये नाशिकला 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी अनंत कान्हेऱ्यांनी त्यांना गोळी घातली. पुढे एन्थोवेन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने ते साहित्य प्रसिद्ध केलं. त्यात भीती पुष्कळ आहे. पण सगळी देवस्की भीतीची नसते. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत, म्हणजे जयवंत दळवींच्या गावी, वेतोबाला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. तो रात्री गावाची राखण करत हिंडतो, म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. केळ्यांचे घडही त्याच्या आवडीचे. भुतांचा राजा, पण चपला झिजल्या की गावकऱ्यांनी नव्या करून द्यायच्या. अद्भुत आणि घरगुती यांची इतकी सहज सोयरीक बाल्ड्रीच्या कॉफीच्या दुकानातही सापडायची नाही.

तरी ही सोयरीक कादंबरीत का उतरत नाही? एक कारण मुलांच्या पुस्तकांच्या कपाटाचं आहे. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१पासून निघतंय. त्याचं वय ओलांडलेल्या मुलाच्या हाती एकदम नारायण धारपांच्या भयकथाच पडतात. हॅरी पॉटर मराठीत आला, पण हॉगवर्ट्स दूरच राहिलं. दुसरं कारण, आपल्याकडे अद्भुताने एक तर बोध करावा नाहीतर दातखीळ बसवावी अशी अपेक्षा असते. नुसती सोबत करणं हे काम कमी प्रतीचं ठरतं.

श्रीवर्धनला कथानक शोधत जावं लागणार नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं आणि रोठा सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. वाडीबरोबर तिथल्या पिंपळावरचा मुंज्याही बेघर झाला, असं धरून चालावं. त्याला घरात घ्यायचं की नाही, यावर आजीचं आणि नातीचं भांडण, शेजारच्या दोस्ताची मध्यस्थी आणि घरात राहायचं तर काम करावं लागेल ही अट. पोफळ लावल्यापासून फळायला पाच-सहा वर्षं तरी घेते. वादळाच्या वेळी दहा वर्षांची असलेली नात तेवढ्यात दहावी ओलांडून एसटीच्या रांगेत उभी राहते, आणि नव्या वाडीला पाणी घालायचं काम मुंज्याच्या गळ्यात पडतं.