एका तासाचे अंतर : सायकलपटू एडी मर्क्स यांची कारकीर्द

हिंगोली शहरातून औंढा नागनाथला जाऊन परत यावयाचे तर सुमारे पन्नास किलोमीटरचा प्रवास होतो. जवळजवळ इतकेच अंतर एका मनुष्याने केवळ पायांच्या बळावर, सायकलीवरून, बरोबर एका तासात कापले. दिनांक २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको शहरातील सायकल-धावपट्टीवर बेल्जियमचे एडी मर्क्स यांनी साठ मिनिटांत ४९ किलोमीटर ४३१ मीटर अंतर पार केले. रस्ता आणि धावपट्टी या दोन्ही ठिकाणी वर्चस्व गाजविणाऱ्या या व्यावसायिक सायकलपटूची कारकीर्द म्हणजे सायकल-शर्यतीच्या खेळाचा जणू पाठच होय.

हिंगोली जिल्ह्यात सायकल सर्वांच्या परिचयाची आहे. वाडी-वस्तीवरील विद्यार्थी शाळेत जातात ते सायकलीने. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीतही सायकलिंगला स्थान आहे. तथापि वाहन म्हणून सायकल ओळखीची असली, तरी खेळ म्हणून तिची माहिती आपल्याकडे फारशी नाही. शर्यत म्हटली की शंकरपटाचे चित्र डोळ्यांसमोर येते : ज्याची जोडी वेगवान, तो पुढे. रस्त्यावरील सायकल-शर्यत मात्र इतकी सरळ नसते.

सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराचा खरा शत्रू म्हणजे हवा. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती आठपट होते. जो दुसऱ्याच्या पाठीमागे चिकटून सायकल चालवितो, त्याचे श्रम बरेच वाचतात. म्हणून रस्त्यावरील शर्यती संघाने लढविल्या जातात. संघातील सहकारी आळीपाळीने पुढे राहून वारा अंगावर घेतात, प्रमुखाला पाणी आणून देतात, प्रसंगी आपले चाकही काढून देतात. असे संघ व्यापारी कंपन्या पदरी बाळगतात. मर्क्स ज्या संघांतून खेळले त्यांपैकी फाएमा ही कॉफीयंत्रे करणारी, तर मोल्तेनी ही मांसपदार्थ तयार करणारी इटालियन कंपनी होती.

मर्क्स यांचा जन्म १७ जून १९४५ रोजी बेल्जियममधील मेन्सेल-किझेगेम या खेड्यात झाला. पुढे आईवडिलांनी ब्रुसेल्सच्या उपनगरात किराणा मालाचे दुकान थाटले. सन १९६४ मध्ये ते हौशी खेळाडूंचे जगज्जेते झाले आणि त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकच्या रस्ता-शर्यतीत बारावे आले. याच टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताचे सायकलपटूही उतरले होते. त्यानंतर २०२४ पर्यंतच्या एकाही ऑलिंपिकमध्ये भारतीय सायकलपटू दिसला नाही, ही गोष्ट जाता जाता नोंदविण्यासारखी आहे.

सन १९६५ मध्ये मर्क्स व्यावसायिक झाले. त्या काळी व्यावसायिकांना ऑलिंपिकचे दार बंद होते. ते उघडले थेट १९९६ मध्ये. पुढील दहा-बारा वर्षांतील त्यांच्या विजयांची संपूर्ण यादी देण्यास येथे जागा पुरणार नाही. सुमारे तीन आठवडे चालणारी 'टूर द फ्रान्स' त्यांनी पाच वेळा जिंकली, इटलीची 'जिरो' पाच वेळा, स्पेनची 'वुएल्टा' एकदा. व्यावसायिकांचे जागतिक अजिंक्यपद १९६७, १९७१ व १९७४ असे तीनदा मिळविले. मिलान ते सान रेमो ही जवळजवळ तीनशे किलोमीटरची एकदिवसीय शर्यत त्यांनी सात वेळा जिंकली. त्यांच्या एकूण विजयांची संख्या ५२५ अशी सांगितली जाते. सहकारी त्यांना 'नरभक्षक' म्हणत, ते लहानसहान शर्यतही दुसऱ्यासाठी सोडत नसत म्हणून! १९६९ च्या टूरमध्ये आघाडी हाती असताना, कोणतीही गरज नसताना, डोंगराळ टप्प्यात ते सुमारे १४० किलोमीटर एकटेच पुढे निघून गेले आणि अंतिम क्रमवारीत दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूस त्यांनी १७ मिनिटे ५४ सेकंदांनी मागे टाकले.

धावपट्टीवरील खेळ याहून निराळा. ही पट्टी अंडाकृती असते व वळणांवर तिची बाहेरची बाजू भिंतीसारखी उचललेली असते, जेणेकरून वेगातील सायकल बाहेर फेकली जाऊ नये. आपल्या राज्यात पुण्याजवळ बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात अशी धावपट्टी आहे. येथील सायकलीला ब्रेक नसतो आणि फ्री-व्हीलही नसते. मागचे चाक फिरत आहे तोवर पायडल फिरतच राहते. पाय थांबवून सायकल नुसती सोडून देणे शक्य नसते. प्रथमदर्शनी हे धोक्याचे वाटते. परंतु कोणीच अचानक थांबू शकत नसल्याने मागचा पुढच्यावर आदळण्याचा संभव उलट कमी होतो. हिवाळ्यात रस्त्यांवरील शर्यती बंद झाल्या की मर्क्स या पट्टीवर उतरत. दोघादोघांच्या जोडीने सहा दिवस चालणाऱ्या शर्यतींत त्यांनी सतरा विजय मिळविले, ते बहुतांशी पॅट्रिक सेर्क्यू या आपल्या देशबांधवाच्या जोडीने.

याच धावपट्टीने त्यांच्यावर सर्वांत मोठा घाव घातला. दिनांक ९ सप्टेंबर १९६९ रोजी फ्रान्समधील ब्ल्वा येथे लहान मोटारसायकलीच्या मागे सायकल चालविण्याची शर्यत होती. पुढे एक जोडी कोसळली आणि मर्क्स व त्यांच्या पुढील मोटारसायकलस्वार तीवर जाऊन आदळले. मोटारसायकलस्वार फर्नांद वाम्ब्स्ट यांना जागीच मृत्यू आला. मर्क्स यांच्या डोक्याला मार बसून ते बेशुद्ध झाले. कण्याला व कंबरेच्या हाडालाही इजा झाली. त्यांची मोठी कीर्ती बहुतांशी या अपघातानंतरची आहे, परंतु चढावर पाठीचे दुखणे त्यांना पुढे कायम सोबत करीत राहिले. डोक्याच्या संरक्षणाचा विचार त्या काळी फारसा होत नसे. रस्त्यावरील व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचे झाले ते २००३ साली, आणि तेही आणखी एका खेळाडूचा बळी गेल्यानंतर. शाळेच्या शर्यतीत मुलाला हेल्मेटशिवाय उभे करणाऱ्या संयोजकाने हे वर्ष अवश्य ध्यानात घ्यावे.

कारकिर्दीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९६९ च्या जिरोमध्ये सावोना येथे उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत दोषी ठरल्याने आघाडीवर असताना त्यांना बाद करण्यात आले. आपण निर्दोष असल्याचे ते सतत सांगत राहिले. मात्र १९७३ व १९७७ मध्येही त्यांची चाचणी प्रतिकूल आली. त्यांपैकी १९७३ च्या प्रकरणाचे मूळ खोकल्याच्या औषधात होते. खेळाडूने साधे औषधही विचारून घ्यावे लागते, ते यासाठी.

मेक्सिकोतील विक्रमामागील योजना पाहण्यासारखी आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२५० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनही सहाशे मीटर वर आहे. तेथील हवा सुमारे एक पंचमांशाने विरळ असल्याने विरोध कमी होतो. पण श्वासाला प्राणवायूही कमीच मिळतो. एर्नेस्तो कोल्नागो या इटालियन कारागिराने केवळ पावणेसहा किलो वजनाची सायकल तयार केली. पुढे ५२ दात्यांचे चक्र व मागे १४ दात्यांचे, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यास सायकल जवळजवळ आठ मीटर पुढे जाणार. हिशेब केला तर मर्क्स यांनी तासभर, क्षणाचीही उसंत न घेता, मिनिटास शंभराहून अधिक फेरे मारले. ओले रिटर यांचा १९६८ चा ४८.६५३ किलोमीटरचा विक्रम मोडला. सायकलीवरून उतरविल्यावर त्यांना नीट चालताही येईना.

सन १९८४ मध्ये फ्रान्चेस्को मोझेर यांनी त्याच शहरात ५१.१५१ किलोमीटर अंतर कापले, परंतु ते बंद चकतीची चाके लावून. यंत्र श्रेष्ठ की माणूस, हा वाद इतका वाढला की पुढे आंतरराष्ट्रीय संघटनेने मर्क्स यांच्या पद्धतीच्या साध्या सायकलीवरील विक्रमाची वेगळी नोंद ठेविली. त्या नियमाने इंग्लंडचे ख्रिस बोर्डमन यांनी २००० साली मर्क्स यांना मागे टाकले, ते अवघ्या दहा मीटरांनी! २०१४ मध्ये हा भेद रद्द झाला, आणि २०२२ मध्ये फिलिपो गाना यांनी आधुनिक सायकलीवरून ५६.७९२ किलोमीटरचा पल्ला गाठला.

सन १९७५ च्या टूरमध्ये चढावर एका प्रेक्षकाने मर्क्स यांच्या पोटात ठोसा मारला. पुढे पडून गालाचे हाड मोडले, तरी शर्यत न सोडता ते दुसरे आले. त्यानंतर टूर त्यांना पुन्हा जिंकता आली नाही. १९७८ च्या मे महिन्यात, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्यांनी निवृत्ती जाहीर केली आणि १९८० मध्ये ब्रुसेल्सजवळ सायकलींचा कारखाना काढला. ब्रुसेल्सच्या भुयारी रेल्वेचे एक स्थानक २००३ पासून त्यांच्या नावाने ओळखले जाते. मेक्सिकोत वापरलेली सायकल त्याच स्थानकाच्या फलाटावर, काचेच्या आड, येणाऱ्याजाणाऱ्यांना पाहावयास ठेवण्यात आली.