अभ्यंगापूर्वी चौकशी
केरळच्या सहलीत अभ्यंगाचा मोह होणे स्वाभाविकच. मात्र धनादेशावरील सही पारखून घेणारेही येथे गाफील राहतात. भिंतीवरील व्यवसाय परवाना दुकानाचा असतो, मर्दन करणाऱ्या हातांचा नव्हे. म्हणून केंद्रातील वैद्यांची बी.ए.एम.एस. पदवी व नोंदणी क्रमांक आवर्जून विचारावा. २०२० च्या कायद्यात अशा वैद्यांच्या राज्य व राष्ट्रीय नोंदवह्यांची तरतूद आहे. क्रमांक तेथे पडताळावा. टाळाटाळ झाल्यास तेलाच्या सुगंधावर न भाळता परतावे. एकाच पायाच्या पोटरीला एकाएकी सूज आली असेल, तर प्रथम डॉक्टरांना दाखवावे. शिरेत गुठळी असल्यास चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. जाणता वैद्य तेल तापवण्याआधी याची विचारपूस करतो.