खोक्यावरची लढाई

१९८४ साली अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीने ‘ट्रान्सफॉर्मर्स’ ही खेळणी बाजारात आणली, तेव्हा त्यांच्या खोक्यांच्या पाठीवर एक लांबरुंद रणधुमाळी छापलेली असे. एका अंगाला भले ऑटोबॉट, दुसऱ्या अंगाला दुष्ट डिसेप्टिकॉन आणि मध्ये किरणांची चकमक. पुढच्या बाजूला त्या त्या रोबोचं एकट्याचं चित्र: हातात बंदूक, पत्र्यावर लखलखाट, मागे लाल किंवा जांभळ्या रंगात विरत जाणारी चौकटींची जाळी. खोका उघडला की हाती यायची जेमतेम वीतभर गाडी. तिचे भाग ओढायचे, उलटायचे, वळवायचे, की रोबो उभा. उभा म्हणजे खरोखरच नुसता उभा. बहुतेकांचे गुडघे वाकत नसत, माना वळत नसत आणि चेहरा असलाच तर डाळीएवढा.

 

खोक्यावर एवढं दाखवून आत एवढंसंच दिलं, तरी मुलांना फसवल्यासारखं वाटलं नाही. माझ्या मते याचं कारण त्या चित्रांच्या कामात आहे. आत काय आहे हे दाखवायला खोक्याला झरोका होता. हातातल्या ठोकळ्याला कुणाशी झुंजवायचं, कोण शूर, कोण कपटी, लढाई कुठल्या ग्रहावर चालली आहे, हे चित्र सांगत होतं. खेळ त्या चित्रात होता, आणि तो खेळायला लागणारं सामान खोक्यात.

ही रीत जपानमध्ये जुनी. महायुद्धानंतर तिथल्या मुलांच्या मासिकांत पाणबुड्या, रॉकेटं आणि उद्याची शहरं रंगवणारा शिगेरू कोमात्सुझाकी (१९१५–२००१) नावाचा चित्रकार होता. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तामिया कंपनीने जुळवणीचा प्लास्टिकचा पँथर रणगाडा काढला, त्याच्या खोक्यावरचं चित्र याचं. आत प्लास्टिकचे सुटे तुकडे. वर मात्र अंगावर धावून येणारा रणगाडा. सुटे तुकडे विकायचे तर पुरी झालेली वस्तू चित्रातच दाखवावी लागते, आणि एकदा दाखवायचीच तर ती शेल्फवर ठेवलेली कशाला, रणांगणातच दाखवावी, असा तो हिशेब. इंग्लंडमध्ये एअरफिक्सच्या विमानांसाठी रॉय क्रॉसने १९६४ ते १९७४ या काळात हेच केलं. पुढे त्या कंपनीला युद्धाचं चित्रण खुपायला लागलं आणि जुन्या चित्रांतले स्फोट, पडणारे बाँब, पेट घेतलेली विमानं पुसून टाकण्यात आली. विमान तेच राहिलं, पण ते का उडतंय हे कळेनासं झालं.

रोबोंची खेळणी याच घराण्यातली. १९७४ मध्ये पॉपी कंपनीचा माझिंगर झेड हा धातूचा रोबो आला. १९७५ च्या ‘रायदीन’ या टीव्ही मालिकेतला रोबो पक्ष्याचं रूप घ्यायचा, आणि त्याचं खेळणंही तसंच वळायचं. ताकारा कंपनीने १९८० मध्ये ‘डायाक्लोन’ ही खेळण्यांची मालिका काढली आणि दोनेक वर्षांत तिच्यात खऱ्या मोटारींपासून रोबो होणारी खेळणी आली. डायाक्लोनची एक गंमत होती. त्या रोबोंसोबत बोटाच्या पेराएवढा एक चालक मिळायचा, त्याच्या पायांत चुंबक. रोबो म्हणजे वाहन, आत माणूस बसलेला. त्यामुळे खोक्यावरच्या चित्रातही रोबो हे यंत्र असे, जसा बुलडोझर किंवा क्रेन. भव्य, पण मनात काही चाललंय असं न वाटणारं.

हॅस्ब्रोने १९८३ मध्ये ताकाराकडून डायाक्लोन आणि ‘मायक्रो चेंज’ अशा दोन मालिकांतली खेळणी घेतली. दुसऱ्या मालिकेत नुसत्या मोटारी नव्हत्या. कॅसेटचा टेपरेकॉर्डर, पिस्तूल अशा वस्तूही रोबो व्हायच्या. एकीकडे ट्रक आणि दुसरीकडे पिस्तूल, दोन्ही रोबो झाल्यावर सारख्याच उंचीचे! या विसंगत गर्दीला एकत्र बांधायला गोष्ट हवी होती. ते काम मार्व्हल कॉमिक्सकडे गेलं. संपादक जिम शूटर यांनी दोन टोळ्यांच्या युद्धाची कल्पना रचली, डेनी ओनील यांनी ऑप्टिमस प्राइम हे नाव दिलं आणि बॉब बुडियान्स्की यांनी एकेका रोबोला नाव, स्वभाव आणि ब्रीदवाक्य दिलं. हे स्वभाववर्णन खोक्याच्या मागे छापलं जाई. बळ, बुद्धी, वेग, धैर्य, मारकशक्ती यांचे दहापैकी गुण एका लाल-निळ्या गिचमिडीत लपवलेले असत. सोबतची लाल पारदर्शक पट्टी वर धरली की ते उमटत. मागच्या पुठ्ठ्यावरचे ‘रोबो पॉइंट’ कापून पोस्टाने पाठवले की आणखी खेळणी मागवता येत. म्हणून आज संग्राहकांच्या बाजारात कात्री न लागलेल्या खोक्याला वेगळा भाव असतो.

या सगळ्यात चालक मात्र गेला. रोबो स्वतःच जिवंत, सायबरट्रॉन ग्रहावरचा. आणि चालक गेल्याबरोबर चित्रकाराचं काम बदललं. आता रोबो चिडलेला, सावध, मग्रूर दिसायला हवा होता. त्याच वेळी आतल्या खेळण्याशी त्याचं अंगांग जुळायलाही हवं होतं. टीव्हीवरच्या कार्टूनला ही अट नव्हती. आयर्नहाइड नावाच्या मोटारीच्या खेळण्याला धड डोकंच नव्हतं, काचेमागच्या आसनावर चेहऱ्याचं स्टिकर तेवढं होतं. कार्टूनवाल्यांनी त्याला सरळ नवं डोकं दिलं. खोक्यावरच्या चित्रकाराला अशी मोकळीक नव्हती. त्याला स्टिकरं आणि सांधेसुद्धा मोजून रंगवावे लागत, आणि तरी त्यात जीव ओतावा लागे. जेफ्री मॅन्जियाट, मार्क वॉट्स ही त्यांतली दोन नावं. ही नावं लोकांपर्यंत पोचली ती खूप उशिरा, चाहत्यांनी शोध घेतल्यावर. जिम सोरेन्सन आणि बिल फॉर्स्टर यांनी या चित्रांचं एक जाडजूड पुस्तकच केलं आहे.

त्यांचं हत्यार म्हणजे एअरब्रश. पेनासारख्या नळीतून दाबलेल्या हवेच्या जोरावर रंगाचा बारीक फवारा उडतो. जिथे रंग नको तिथे पातळ फिल्म कापून चिकटवायची. कुंचल्याचा फटकारा कुठे दिसत नाही, एक छटा दुसरीत नकळत मिसळते. पत्रा, काच, क्रोम यांची चमक दाखवायला याहून सोपं साधन तेव्हा नव्हतं. क्रोम रंगवण्याची युक्ती ठरलेली: वरच्या अर्ध्या भागात आकाशाचा निळा, खालच्या अर्ध्यात जमिनीचा तपकिरी आणि दोहोंमध्ये एक धारदार काळी रेघ. जवळून पाहिलं तर ते एक छोटंसं निसर्गचित्रच असतं.

फवाऱ्याची ही जादू मराठी घरांना नवी नव्हती. गोव्याचे रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांनी देवादिकांच्या आणि सुंदर स्त्रियांच्या गालावरचा तो तुकतुकीतपणा याच तंत्राने आणला. त्यांची कॅलेंडरं भिंतीवर होती, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं टेबलावर आणि बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठं उशीखाली. अर्नाळकरांच्या एखाद्या पुस्तकाचं मुखपृष्ठ आणि १९८४ चा ट्रान्सफॉर्मरचा खोका शेजारी ठेवून बघावा. धोक्याच्या क्षणी गोठलेला नायक, अंधारातून येणारा एकाच दिशेचा उजेड, आतल्या पानांत नेमकं काय आहे याची फारशी पर्वा नाही. मुखपृष्ठ बघून पुस्तक घेणारा वाचक आणि खोका बघून हट्ट धरणारं पोर, दोघांना बांधून ठेवणारी कारागिरी एकच. मुळगावकरांच्या हातून गणपती-विष्णूंऐवजी डिसेप्टिकॉनांचा म्होरक्या मेगाट्रॉन उतरला असता तर काय बहार आली असती, असं मला राहून राहून वाटतं.

ते व्हायचं नव्हतं, मुळगावकर त्याआधीच गेले होते. शिवाय १९८० च्या दशकात ही खेळणी इथल्या दुकानांत सहजी मिळतच नव्हती. उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरची संख्येची बंधनं पूर्णपणे उठली ती १ एप्रिल २००१ ला. दूरदर्शनवर ‘जायंट रोबोट’ आणि ‘ही-मॅन’ बघायचे आणि आखातातून येणाऱ्या काकांची वाट पाहायची, अशी ती पिढी. परदेशी साच्यांतली जी खेळणी इथे बनली, त्यांच्यात मुंबईच्या ब्लो प्लास्टची ‘लिओ’ होती आणि एमआरएफ व हॅस्ब्रोने मिळून १९८७ मध्ये काढलेली, गोव्यात कारखाना असलेली फनस्कूल. फनस्कूलच्या जी. आय. जो सैनिकांच्या पुठ्ठ्यांवर मूळ अमेरिकी चित्रंच असत. आतल्या बाहुल्याचा रंग मात्र पुष्कळदा वेगळा निघे. चित्रात एक आणि हातात दुसराच. आज परदेशी संग्राहक याच विजोडपणासाठी भारतीय पुठ्ठे धुंडाळतात. इथल्या मुलांना त्याचं काही वाटल्याचं ऐकिवात नाही. चित्रातली गोष्ट बाहुल्याला लागू करायला रंग जुळावा लागत नाही.

चित्राचं महत्त्व ओसरत गेलं ते गोष्ट सांगणाऱ्या दुसऱ्या जागा वाढल्यामुळे. अमेरिकेत १९८४ मध्ये मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींवरची वेळेची मर्यादा उठली आणि खेळण्यांवर बेतलेल्या कार्टूनचा पूर आला. ट्रान्सफॉर्मर्सचं कार्टून त्याच सप्टेंबरात सुरू झालं. १९९६ ची ‘बीस्ट वॉर्स’ मालिका तर संगणकावरच बनली आणि २००७ च्या मायकेल बेच्या सिनेमानंतर खोक्यावर पडद्यावरचाच रोबो छापला जाऊ लागला. त्या संगणकी प्रतिमांत एकेक स्क्रू दिसतो, पण नजर कुठे ठरावी हे कळत नाही. हाताने रंगवणारा काय गाळायचं ते ठरवतो. संगणकाला सगळंच दाखवायचा सोस.

२०१९ मध्ये हॅस्ब्रोने वेष्टनांतलं प्लास्टिक हटवायचं ठरवलं, २०२२ अखेरपर्यंत. पारदर्शक झरोके गेले. त्यांच्या काही मालिकांचे खोके चहूबाजूंनी बंद झाले. ट्रान्सफॉर्मर्सच्या खोक्यांना काचेविना नुसती उघडी खिडकी राहिली. बंद खोक्यावर चित्राला पुन्हा पुढची अख्खी बाजू मिळाली, मला तर आनंदच झाला. गिऱ्हाईक मात्र नाराज. चेहऱ्याचा रंग नीट लागलाय का ते बघता येईना, आणि बंद खोक्यातली वस्तू काढून भलतीच भरून परत करण्याचे प्रकारही होऊ लागले. २०२३ मध्ये कंपनीने पुनर्वापराच्या किंवा वनस्पतिजन्य प्लास्टिकच्या झरोक्यांसह माघार जाहीर केली. मोठी माणसं खेळणी विकत घेऊ लागली की असं होतं. त्यांना गोष्टीपेक्षा मालाची खात्री हवी असते.

मग हाती चित्र घेऊन उभा असलेला खोका आज कुठे सापडतो? नवी मुंबईतल्या उलव्यात सापडतो. इथून जवळच न्हावा-शेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर, १९८९ पासूनचं. तिथून सुटलेले कंटेनर दिवसरात्र या भागातून जात असतात. त्यांतली खेळणी मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटसारख्या घाऊक बाजारात जातात आणि तिथून टेम्पोत बसून खाडीच्या अलीकडे परत येतात. सेक्टरांतल्या इमारतींच्या तळमजल्यावरची वह्या, फुगे आणि खेळणी एकत्र विकणारी दुकानं बघा. वरच्या फळीवर बिनब्रँडचे रोबो असतात. चित्रातल्या रोबोचं धड एका सिनेमातलं वाटावं, डोकं दुसऱ्यातलं. मागे जळतं शहर, कोपऱ्यात स्फोट, एक हेलिकॉप्टर कशासाठी कोण जाणे. रोबोला नाव नाही.

यावर नाक मुरडणं सोपं आहे. चोरी ती चोरीच, आणि छपाईही बेतास बात. पण या रोबोला कार्टून नाही, सिनेमा नाही, पाठीवर स्वभाववर्णन नाही. त्याची सगळी गोष्ट पुढच्या पुठ्ठ्यावरच सांगावी लागते. १९८४ च्या चित्रकाराला जे ओझं होतं तेच इथे आहे, हात मात्र त्याच्या पासंगालाही पुरत नाही. तरी वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी दुकानात आलेलं मूल कुठल्या फळीकडे बोट दाखवतं ते पाहिलं की चित्राची ताकद कळते.

या चित्राला अलीकडे एक वाटेकरी आला आहे. खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय खेळणी विकता येत नाहीत. बॅटरीवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४ आणि बाकीच्यांना आयएस ९८७३ ही मानकं. शिवाय वेष्टनावर आयातदाराचं नाव-पत्ता, कमाल किंमत, महिना-वर्ष, मूळ देश आणि तक्रारीसाठीचा क्रमांक. हे सगळं चांगलंच आहे. सुटणारे बारीक भाग आणि विषारी रंग पोरांच्या तोंडात जाण्यापेक्षा पत्ते वाचलेले बरे. एवढा मजकूर बाहेरून छापून आलेल्या खोक्यावर नसतो, म्हणून इथे पांढरं स्टिकर छापून लावतात. ते चिकटवणारा माणूस मोकळी सपाट जागा शोधतो, आणि ती बहुतेक वेळा रोबोच्या तोंडावरच सापडते. तोंडावरच लावा, असं कुठल्याही नियमात म्हटलेलं नाही.