मांजर गडाबडा का लोळतं?

घरच्या कुंडीत कॅटनिपचं रोप असेल आणि घरात मांजरही असेल, तर एक गंमत पाहायला मिळते. मांजर पानं हुंगतं, चावतं, त्यांवर गाल घासतं आणि जमिनीवर गडाबडा लोळू लागतं. दहा-पंधरा मिनिटांत खेळ संपतो. मग बराच वेळ ते त्याच पानांकडे ढुंकूनही पाहत नाही.

कॅटनिप तुळस-पुदिन्याच्या कुळातलं. खोड बोटांत फिरवून पाहा, चौकोनी लागेल. पानांवरच्या बारीक ग्रंथींत नेपेटॅलॅक्टोन नावाचं, हवेत सहज उडून जाणारं द्रव्य असतं. झाड ते मांजरासाठी बनवत नाही. ते द्रव्य कीटकांना दूर ठेवतं.

मग मांजराचा यात फायदा काय? मांजरांना असंच वेड लावणारी माताताबी नावाची वेल जपानमध्ये आहे. तिथल्या संशोधकांना २०२१ साली असं आढळलं, की या वेलीच्या पानांवर डोकं घासलेल्या मांजरांवर डास कमी बसतात. म्हणजे आपल्याला गंमत वाटणारं हे लोळणं मांजराच्या उपयोगाचंही आहे! आपल्याकडे पावसाळ्यात रस्त्याकडेला उगवणाऱ्या खोकलीच्या मुळांनाही मांजरं भुलतात. २०१६ साली त्या मुळांतही याच गटातली द्रव्यं सापडली.

कॅटनिप बियांपासून किंवा फांदीपासून वाढवता येतं. कुंडीतून पाण्याचा निचरा चांगला हवा. सकाळचं ऊन द्या, दुपारचं कडक ऊन टाळा. रोपाला जाळीचं कुंपण करा, नाहीतर मांजर ते आडवं करेल! पानं सावलीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. उघडी राहिली तर वास उडून जातो.

आता प्रयोग. सारख्याच कापडाच्या दोन पुरचुंड्या करा. एकीत कॅटनिपची वाळलेली पानं, दुसरीत वाळलेलं गवत. दोन्ही मांजरासमोर ठेवा आणि ते कोणत्या पुरचुंडीशी किती वेळ रमतं याची नोंद करा. दुसऱ्या दिवशी पुरचुंड्यांच्या जागा बदलून पुन्हा पाहा.

मांजराने काहीच केलं नाही तर? साधारण तीनांतल्या एका मांजरावर कॅटनिपचा परिणाम होत नाही. हा गुण बराचसा आनुवंशिक आहे. अगदी लहान पिल्लंही प्रतिसाद देत नाहीत. तेव्हा एका मांजरावरून निष्कर्ष काढायचा का, हा प्रश्न वर्गात जरूर विचारा. किती मांजरं पाहावी लागतील, हे मुलांनाच ठरवू द्या.