गाडी चुकली तरी गोळी चुकू नये

तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला औषधांच्या नावांबरोबर एसटीचे वेळापत्रकही पाठ असावे लागते. सकाळी मुक्कामी गाड्या येतात, तेव्हा उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले मधुमेही रुग्ण दवाखान्याच्या पायरीवर बसलेले असतात. दहाच्या सुमारास लांबच्या गावची म्हातारी माणसे नातवाचा हात धरून येतात. आणि दुपारी चारनंतर जो तो म्हणू लागतो, "डॉक्टरसाहेब, जरा लवकर बघा, गाडी आहे." ही घडी बिघडली की नुसता प्रवास बिघडत नाही, उपचारही बिघडतात. आजच्या लेखाचा विषय हाच आहे.

वाचकांना २०२१ सालचा एसटीचा संप आठवत असेल. त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास तो पेटला, नोव्हेंबरमध्ये राज्यभरातील आगारे ठप्प झाली आणि ७ एप्रिल २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर हजर होण्यास सांगितल्यानंतर गाड्या हळूहळू पूर्ववत होऊ लागल्या. म्हणजे जवळजवळ साडेपाच महिने. संपात कोणाचे बरोबर, कोणाचे चूक हा या सदराचा विषय नाही. शासनाने मधल्या काळात खासगी बसगाड्यांना आणि शाळांच्या बसनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली होती, पण त्या गाड्या मोठ्या रस्त्यावर दिसत. नाशिकसारख्या शहरात एसटीच्या शहर बसची जागा ८ जुलै २०२१ पासून महापालिकेच्या 'सिटीलिंक'ने घेतली. फाट्यापासून चार-पाच किलोमीटर आत असलेल्या वाडीला मात्र अशी दुसरी बससेवा मिळत नाही. तिथे गाडी गेली की उरते ते वडाप, नाही तर कोणाच्या तरी मोटारसायकलची मागची सीट.

संप मिटला, पण सगळ्या फेऱ्या एकदम पूर्ववत झाल्या नाहीत. आणि संपच कशाला हवा? पावसात पूल पाण्याखाली जातो, रस्ता खचतो, एखादी फेरी उत्पन्न नाही म्हणून बंद होते. अशा वेळी रुग्णाने काय करावे, हे आधीच ठरलेले असावे.

सर्वांत आधी मधुमेह्यांविषयी, कारण तेथे घोटाळा सर्वांत जास्त होतो. उपाशीपोटी साखर तपासायची म्हणून माणूस रात्री आठला जेवतो. मुक्कामी गाडी असेल तर सकाळी आठच्या आत रक्त देऊन चहा-नाष्टा होतो. ती गाडी बंद झाली की तोच माणूस फाट्यापर्यंत चालतो, वडाप भरेपर्यंत थांबतो आणि बारा वाजता प्रयोगशाळेत पोहोचतो. सोळा तासांचा उपास! त्यात कित्येक जण 'गोळी चुकवायची नाही' असे डॉक्टरांनी बजावलेले असते म्हणून पहाटे गोळी घेऊन निघतात. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या स्वादुपिंडातून इन्सुलिन सोडायला लावतात. पोटात अन्न असो वा नसो, त्या आपले काम करतात. मग रक्तातील साखर घसरते. दरदरून घाम, हातपाय थरथरणे, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, असंबद्ध बोलणे. उभ्या गर्दीत लोकांना वाटते, म्हाताऱ्याला ऊन लागले, किंवा त्याहून वाईट म्हणजे, सकाळी सकाळी पिऊन आला आहे.

म्हणून उपाशीपोटी तपासणी असेल त्या दिवशी साखरेची गोळी घरी घेऊ नये, सोबत न्यावी आणि रक्त दिल्यावर जेवणाबरोबर घ्यावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्या सकाळी किती आणि केव्हा घ्यायचे ते डॉक्टरांना आदल्या भेटीतच विचारून ठेवावे. स्वतःच्या मनाने पूर्ण बंद करू नये. खिशात साखरेची पुडी किंवा गुळाचा खडा असावाच. वरची लक्षणे दिसली तर तपासणी गेली खड्ड्यात, तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी, पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा प्यावी आणि मग काही तरी खावे. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर करून दवाखाना गाठावा.

आणि एक गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते. सकाळची गाडीच नसेल तर उपाशीपोटी तपासणीचा हट्ट धरण्याचे कारण नाही. मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी 'एचबीएवनसी' ही तपासणी जेवून, दिवसाच्या कोणत्याही वेळी करता येते. थायरॉइडच्या नेहमीच्या तपासणीलाही उपास लागत नाही. कोणत्या तपासणीला उपाशी राहायचे आणि कोणत्या नाही, हे चिठ्ठीवर लिहून मागावे. डॉक्टर घाईत असले तरी मागावे.

आता रक्तदाब. गाडी नाही म्हणून तालुक्याला जाणे झाले नाही, गोळ्या संपल्या, आठ दिवस झाले आणि काहीच झाले नाही. झाले! रुग्णाची खात्री पटते की गोळी नाही तरी चालते. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही, म्हणून हा गैरसमज होतो. त्याचा परिणाम एक दिवस अचानक अर्धांगवायूच्या रूपाने समोर येतो. काही गोळ्यांच्या बाबतीत तर एकदम बंद करणेच धोक्याचे आहे. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या जातीच्या गोळ्या अचानक थांबवल्या तर हृदयविकाराच्या रुग्णाला छातीत कळ येऊ शकते. क्लोनिडिन थांबवली तर रक्तदाब उसळी मारतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेल्या माणसाने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती असते. फिट्सच्या गोळ्यांचेही तसेच. वर्षभर फिट न आलेल्या मुलाला दोन-चार दिवसांच्या खंडाने एकामागून एक फिट्स येऊ शकतात. याउलट थायरॉइडची गोळी एखाददुसरा दिवस चुकली तर मोठे आकाश कोसळत नाही, कारण तिचा अंमल शरीरात बरेच दिवस राहतो. अर्थात हे वाचून कोणी ती मुद्दाम चुकवू नये.

गोळ्या पुरवून पुरवून वापरण्याची आपल्याकडे एक पद्धत आहे. रोजची गोळी एक दिवसाआड, पूर्ण गोळीची अर्धी, किंवा शेजारच्या काकूंनाही बीपीच आहे म्हणून त्यांच्यातल्या चार. साखरेला, तेलाला ही काटकसर शोभते, औषधाला नाही. पाकिटात सात दिवसांच्या गोळ्या उरल्या की नव्या आणायच्या, असा नियम घरात करावा. रिकामे पाकीट फेकू नये, गावातून कोणी तालुक्याला निघाले की त्याच्याजवळ ते आणि डॉक्टरांची चिठ्ठी द्यावी. त्या कंपनीची गोळी मिळाली नाही तर आतले औषध आणि त्याचे मिलिग्रॅम तेच आहेत ना, एवढे पाहावे.

रक्तदाब आणि मधुमेहाची नेहमीची औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि बऱ्याच उपकेंद्रांतही मिळतात. या उपकेंद्रांवर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी दिसते. तेथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात. आपले नाव तेथे नोंदवून ठेवले तर दरमहा तालुक्याचा हेलपाटा वाचतो. सरकारी औषधाला गुण नसतो, असे म्हणणारे माझ्याकडेही रोज येतात. मी त्यांना रक्तदाब मोजून दाखवतो. क्षयरोगाच्या रुग्णांनी तर आपल्या गावच्या आशाताईंशी बोलून औषध गावातच मिळण्याची व्यवस्था करून घ्यावी. साध्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा. त्यात खंड पडला तर जंतू औषधांना दाद देईनासे होतात आणि मग प्रकरण फार लांबते, घरातल्या लहान मुलांपर्यंत पोहोचते.

ज्यांना थांबताच येत नाही असे रुग्ण म्हणजे डायलिसिसवाले. आठवड्यातून दोनदा-तीनदा त्यांना जावेच लागते. एक खेप चुकली की शरीरात पाणी साठते, पोटॅशियम वाढते. पाण्याने फुप्फुसे भरतात आणि पोटॅशियमने हृदयाची गती बिघडते. अशा घरात वाहनाची दुसरी सोय ठरवून ठेवलीच पाहिजे. एकाच बाजूचे दोन-तीन रुग्ण असतील तर मिळून गाडी ठरवावी. केंद्राला फोन करून वेळ बदलून घ्यावी, बहुतेक ठिकाणी ऐकतात. मधल्या काळात पाणी, मीठ मोजून घ्यावे आणि शहाळे, केळी, मोसंबी, फळांचा रस पूर्ण वर्ज्य करावा. अशक्तपणा आला म्हणून नातेवाईक नेमके शहाळेच घेऊन येतात! आडवे झाल्यावर दम लागला, हातापायांतली शक्ती गेल्यासारखी वाटली तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

पैशाचीही बाजू आहे, ती डॉक्टरने टाळू नये. एसटीत डायलिसिसच्या, कर्करोगाच्या, क्षयाच्या रुग्णांना भाड्यात सवलत असते. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. वडापवाला यातले काहीच मानत नाही आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही नाही. पण गाडी बंद झाल्यावर म्हातारी 'आता बरं वाटतंय, कशाला जायचं' असे म्हणते, तेव्हा तिला बरे वाटते आहे की भाड्याचा हिशेब तिने मनात केला आहे, हे घरच्यांनी ओळखावे.

गरोदर स्त्रियांना खच्चून भरलेल्या जीपच्या मागच्या आडव्या बाकावर बसवू नये, पुढची जागा मागून घ्यावी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची तपासणी होते, त्या दिवशी गावातल्या तिघी-चौघींनी मिळून जावे. बाळंतपणासाठी सरकारी रुग्णालयात नेण्या-आणण्याकरिता १०२ क्रमांकाची गाडी मोफत असते. नवव्या महिन्यात हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. कळा सुरू झाल्यावर शोधाशोध नको.

आणखी एक विषय, ज्यावर बायका डॉक्टरांशीही बोलत नाहीत. फाट्यावर स्वच्छतागृह नसते. गाडी केव्हा येईल याचा भरवसा नाही, म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचे नाही आणि लघवी आली तरी दाबून धरायची. पूर्वी हे तास-दीड तास चाले, गाडी अनिश्चित झाली की चार-पाच तास. मग जळजळ, वारंवार लघवी, थंडी वाजून ताप, पाठीत दुखणे, आणि ज्यांना मुतखड्याची प्रवृत्ती आहे त्यांना खडा. संपाचा शेवटचा टप्पा ऐन उन्हात होता. २०२२ चा मार्च महिना देशात १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत तापलेला ठरला. अशा उन्हात कोरडे राहून थांबणे म्हणजे आजाराला निमंत्रण. निघण्यापूर्वी लघवीला जाऊन यावे, बाटली जवळ ठेवावी, घोट घोट पाणी प्यावे. फाट्याजवळच्या घरी किंवा शाळेत विचारायला संकोच करू नये. बहुतेक घरची बाई नाही म्हणत नाही. वाढलेल्या प्रोस्टेटच्या पुरुषांनाही हेच लागू आहे. त्यांची तर फार वेळ दाबून ठेवल्यास लघवी पूर्ण अडू शकते.

चालण्याबद्दल लोक विचारतात. फाट्यापर्यंत रोज चालावे लागल्याने काहींची साखर सुधारली, हे मी पाहिले आहे आणि त्यांना सांगितलेही. पण छातीत आवळल्यासारखे होणाऱ्याने, थोड्या चालीने पोटऱ्या भरून येणाऱ्याने जेवल्याबरोबर, डोक्यावर ओझे घेऊन किंवा गाडी गाठण्यासाठी धावत चालू नये. चालताना छातीत दुखू लागले आणि थांबल्यावर थांबले, तर तो सांगावा आहे, त्याच आठवड्यात तपासून घ्यावे. थांबूनही दुखणे राहिले, घाम फुटला तर १०८.

शेवटी कुत्रे चावल्याविषयी, कारण या लसीच्या तारखा गाडीपायी हमखास चुकतात. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना-मिरची काही लावू नये, आणि पहिली लस त्याच दिवशी, मिळेल त्या वाहनाने जाऊन घ्यावी. जखमेतून रक्त आले असेल तर जखमेत द्यावयाच्या इंजेक्शनबद्दलही तेथे विचारावे. पहिल्या लसीचा दिवस शून्य धरून पुढच्या लसी तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असतात. लस दंडाच्या स्नायूत देत असतील तर चौदाव्या दिवशी आणखी एक. एखादी तारीख चुकली तर 'आता सगळे वाया गेले' म्हणून घरी बसू नये. दुसऱ्या दिवशी जावे, राहिलेली लस घ्यावी आणि पुढच्या तारखा तिथल्या तिथे कार्डावर लिहून घ्याव्यात. पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.