वाचनकट्ट्यासाठी कादंबरी निवडताना

ज्येष्ठ नागरिक संघाच्या वाचनकट्ट्यावर पुढील पुस्तक ठरवण्याची वेळ आली, की 'काहीतरी हलकेफुलके घ्या' असा आग्रह हमखास होतो. त्यामागची काळजी खरी असते. परंतु अशा पुस्तकावर पाऊण तासही चर्चा टिकत नाही, हा अनुभव आपणही घेतला असेल. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने मृत्यू, विरह, पश्चात्ताप हे सारे जवळून पाहिलेले असते. त्याविषयी बोलण्यास त्याला निमित्त हवे असते.

विश्राम बेडेकर यांची 'रणांगण' (१९३९) घ्या. कादंबरी लहान आहे. दुसरे महायुद्ध तोंडावर आले असताना युरोपातून निघालेल्या बोटीवर ती घडते. प्रेमभंगाने कडवट झालेला चक्रधर आणि नाझी जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा यांचे प्रेम प्रवासाच्या थोड्या दिवसांत फुलते. मुंबईला चक्रधर उतरतो. हॅर्टाला मात्र पुढे शांघायला जायचे असते. चक्रधर भित्रा, की परिस्थितीपुढे हतबल? एवढ्या एका प्रश्नावर कट्ट्यात दोन तट पडावेत. वाद चक्रधराविषयी चालतो, म्हणूनच त्याच्या आडून स्वतःचे राहून गेलेले निर्णयही बोलता येतात. आणि ज्यांना बोलायचे नसेल, त्यांना कादंबरीपुरतेच बोलून थांबता येते.

मात्र हॅर्टा अखेरीस आत्महत्या करते, हे पुस्तक ठरवतानाच सांगून टाकावे. रसभंगाची भीती येथे गौण मानावी. ज्यांच्या घरी अशी घटना घडली आहे, किंवा जे नैराश्यावर उपचार घेत आहेत, त्यांना तो महिना टाळण्याची मोकळीक असावी, तीही कारण न विचारता.

'कोसला'तील (१९६३) धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा भाग मराठीत अजोड आहे. तरीही नव्या गटाने तिच्यापासून आरंभ करू नये. तिची तिरकस शैली अंगवळणी पडायला वेळ लागतो.

घरी शुश्रूषा करणाऱ्यांनी, ज्येष्ठांच्या डोळ्यांना त्रास होत असल्यास, रोज आठ-दहा पाने वाचून दाखवावीत. शेवटची पाने मात्र रात्री वाचू नयेत. सकाळी वाचावीत, म्हणजे दिवसभर सोबतीला कोणीतरी असते. त्यानंतर काही दिवस झोप किंवा भूक उडालेली दिसली, तर डॉक्टरांना अवश्य सांगावे.

चर्चा संपल्यावर चहासाठी अर्धा तास राखून ठेवा. सभेत गप्प राहिलेले सभासद पुष्कळदा तेव्हाच बोलू लागतात.